चेंडू हातात नसताना

व्हॉलीबॉल शिकवायला घेतलं की बहुतेक जण मैदानाच्या मापांपासून सुरुवात करतात. १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद, मधोमध जाळी. पुरुषांसाठी तिची उंची २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४. मग प्रत्येक बाजूला सहा खेळाडू, मग गुण कसे मोजायचे, मग फाउलची भलीमोठी यादी. माहिती सगळी बरोबर असते आणि कधी ना कधी लागतेच. पण तिने खेळ कळत नाही. मी हा खेळ मोठेपणी शिकले, आणि मला तो उमगायला लागला तो एका साध्या मनाईपासून: इथे चेंडू धरायचा नाही.

फुटबॉलमध्ये चेंडू पायाशी ठेवून क्षणभर थांबता येतं, मान वर करून कुणाकडे द्यायचा ते ठरवता येतं. बास्केटबॉलमध्ये टप्पे देत तो पुढे नेता येतो. व्हॉलीबॉलमध्ये ही सोयच नाही. चेंडू आला की टोलवायचा. तो झेलला, तळहातावर रेंगाळला किंवा फेकल्यासारखा गेला, की शिट्टी वाजलीच. आणि जमिनीला लागला की रॅली, म्हणजे चेंडू सतत खेळता राहण्याची ती एक फेरी, संपली. जमिनीवर पडू द्यायचा नाही आणि हातात ठेवायचा नाही, या दोन गोष्टींमधून जवळजवळ सगळा खेळ निघतो. अगदी लांबलेल्या रॅलीतही एका खेळाडूचा चेंडूशी प्रत्यक्ष संबंध येतो तो निमिषभर. बाकी सगळा वेळ चेंडू हवेत असतो, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे जात असतो. त्या वेळात तुम्ही कुठे उभे आहात, कुठे निघाला आहात, कुणाकडे बघता आहात, यावर सामना ठरतो. म्हणून नियम शिकतानाही मला हाच प्रश्न विचारायला आवडतो: ज्याच्याकडे चेंडू नाही, त्याला हा नियम काय करायला लावतो?

खेळाचा जन्म १८९५ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होल्योक इथला. विल्यम मॉर्गन तिथल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत शारीरिक शिक्षण बघत. चार वर्षांपूर्वीच जवळच्या स्प्रिंगफील्डमध्ये बास्केटबॉल जन्माला आला होता आणि तरुणांनी तो डोक्यावर घेतला होता. पण मॉर्गन यांच्या वर्गाला येणाऱ्या वयाने थोराड व्यापारी मंडळींना ती धक्काबुक्की झेपण्यासारखी नव्हती. मग त्यांनी ६ फूट ६ इंचांवर जाळी बांधली आणि दोन्ही संघांना तिच्या दोन बाजूंना उभं केलं. जाळीने एका फटक्यात अंगाला अंग भिडण्याचा प्रश्नच मिटवला. बास्केटबॉलचा चेंडू जड पडत होता आणि त्याच्या आतला ब्लॅडर फारच हलका, म्हणून या खेळासाठी वेगळा चेंडू बनवून घेतला. खेळाचं पहिलं नाव होतं मिंटोनेट. व्हॉलीबॉल हे नाव पुढच्याच वर्षी मिळालं.

त्या पहिल्या खेळात एका बाजूला किती जणांनी खेळावं याला बंधन नव्हतं. चेंडू पलीकडे धाडण्याआधी किती वेळा टोलवावा, यालाही नव्हतं. त्या खेळाची कल्पना करून बघा. डझनभर माणसं एकमेकांकडे चेंडू उडवत बसली आहेत. कुणाला घाई नाही, आणि पलीकडच्यांना वाट बघण्यापलीकडे काम नाही. तीन स्पर्शांची मर्यादा आली १९२० मध्ये. त्याआधी, १९१६ च्या सुमारास, फिलिपिन्समध्ये एकाने चेंडू उंच चढवून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो पलीकडे ठोकायचा, हा डाव रुजला होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आज आपण बघतो तो खेळ तयार झाला. माझ्या मते व्हॉलीबॉलचा खरा शोध हा तीनचा आकडा आहे. दोन स्पर्शांत हल्ला नीट रचता येत नाही, चार दिले तर बचाव करणाऱ्यांना आरामात जागेवर यायला वेळ मिळतो. तीनमध्ये दोन्ही बाजूंची जेमतेम धांदल उडते.

याला जोडून दुसरा नियम: एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा चेंडूला हात लावायचा नाही. म्हणजे पहिला स्पर्श ज्याचा, दुसरा त्याचा कधीच नाही. तुम्ही कितीही तरबेज असा, तुमचा पहिला स्पर्श हा दुसऱ्या कुणासाठी तरी असतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की पास, सेट, स्मॅश हे तीन शब्द पाठ करावे लागत नाहीत. घेणारा, चढवणारा, मारणारा. प्रत्येक जण आपल्यापुढच्याचं काम सोपं करत असतो.

पहिला स्पर्श बहुधा कोपराखालच्या हातांवर घेतात. एका हाताची मूठ दुसऱ्या पंजात, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, कोपरं ताठ, मनगटं जमिनीकडे झुकलेली. असं केलं की कोपर ते मनगट एक सपाट जागा तयार होते आणि चेंडू मनगटाच्या जरा वर लागायला हवा. त्याहून खाली, अंगठ्यांवर लागला तर कुठे जाईल ते त्यालाच ठाऊक. शिकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येतं की चेंडूला हातांनी ढकलायचं. ढकलायचं नसतंच. येणाऱ्या चेंडूतच पुरेसा जोर असतो. आपण फक्त हातांचा कोन धरायचा आणि गुडघ्यांनी हलकेच वर यायचं. फार जोरात आलेल्या चेंडूला तर हात किंचित मागे घेऊन त्याची धार बोथट करायची. सुरुवातीला मनगटाच्या वरच्या भागात लाल चट्टे उठतात. चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम, म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण उघड्या कातडीवर तो चांगला चरचरतो.

मला शिकवणारे सर घेणाऱ्याच्या हातांकडे फारसं बघतच नसत. ते पाय बघत. चेंडू पलीकडच्या खेळाडूच्या हातातून सुटायच्या आत तुझा पहिला पाय हलला का, एवढंच विचारत. पास चांगला होतो तो चेंडू येण्याआधी तिथे पोचल्यामुळे, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलेलं आहे. पोचल्यावर हात आपोआप बरोबर बसतात. उशीर झाला की हात लांबवावे लागतात, खांदा कलतो आणि चेंडू मागे प्रेक्षकांत जातो.

चांगला पास कुठे जायला हवा, हेही ठरलेलं असतं: जाळीपासून मीटरभर आत, मधल्या भागापासून जरा उजवीकडे. तिथे सेटर, म्हणजे चेंडू चढवून देणारा, उभा असतो. सामन्यात सगळ्यात जास्त वेळा चेंडूला हात लागतो तो याचाच, आणि टाळ्या सगळ्यात कमी मिळतात त्याही यालाच.

सेट करताना चेंडू कपाळाच्या वर घेतात. बोटं पसरून दोन्ही पंजे ओंजळीसारखे, पण आभाळाकडे उघडलेले; अंगठे आणि तर्जनी यांच्यामध्ये चेंडू दिसेल एवढी खिडकी. चेंडू तळहाताला लागतच नाही. तो दहा बोटांच्या टोकांवर क्षणभर दाबला जातो आणि मनगटं, कोपरं, गुडघे एकदम सरळ होताना वर निघून जातो. चांगला सेट ऐकूच येत नाही. तळहात लागला तर चापट मारल्यासारखा आवाज होतो. दोन्ही हात एकाच वेळी लागले नाहीत तर तो डबल टच, म्हणजे फाउल, आणि चेंडू बोटांत थांबला तर कॅच. डबल झालेला चेंडू बऱ्याचदा गरगरत वर जातो, म्हणून पुष्कळांना वाटतं की फिरला म्हणजे फाउल. तसं नाही. पंच स्पर्श बघतात. फिरकी ही फार तर संशयाला जागा.

इथे नियमांमध्ये एक सवलत आहे, ती मला फार आवडते. पलीकडून आलेल्या चेंडूच्या पहिल्या स्पर्शाला, एकाच हालचालीत तो शरीराला दोन ठिकाणी लागला तरी चालतं. ताशी शंभराहून जास्त वेगाने आलेला स्मॅश हाताला लागून खांद्यावर उडाला, खांद्यावरून वर गेला, तरी खेळ चालूच. धरून ठेवण्याची परवानगी मात्र तेव्हाही नाही. ज्याला विचार करायला वेळच मिळालेला नाही त्याच्याकडून नेमकेपणाची अपेक्षा ठेवायची नाही, हे नियम करणाऱ्यांना नीट समजलं होतं. सेटरला ती सूट मिळत नाही, कारण त्याच्यापर्यंत चेंडू येतो तो सहकाऱ्याने शांत करून दिलेला.

सेटर चेंडू घेण्यासाठी हात वर करतो त्या क्षणी चेंडू सोडून बाकीच्यांकडे बघावं. दोन-तीन हल्लेखोर एकाच वेळी धावत निघालेले असतात. मधला खेळाडू तर सेटरने चेंडू सोडायच्या आधीच हवेत असतो. याला क्विक म्हणतात. उडी आधी, चेंडू नंतर. तो हात मागे ओढून, पूर्ण ताकदीने, चेंडू आपल्यालाच मिळणार अशा खात्रीने उडतो. त्याच्या उडीमुळे पलीकडचा मधला ब्लॉकर, म्हणजे जाळीशी उडी मारून हातांनी चेंडू अडवणारा, जमिनीवरून उठतो, आणि सेटर चेंडू डाव्या टोकाला पाठवून देतो. तिथे आता समोर एकच ब्लॉकर उरलेला असतो. गुण डाव्या टोकाच्या खेळाडूच्या नावावर लागतो. पण तो मिळवून दिला रिकाम्या हाताने खाली आलेल्या मधल्याने. त्याच्या उडीत जराही खोटेपणा असता तर पलीकडचा फसला नसता.

स्मॅश मारणाऱ्याच्या आजूबाजूलाही असंच. तो उडी मारत असताना त्याचे सहकारी त्याच्या पायांशी अर्धवर्तुळात वाकून येतात. याला कव्हर म्हणतात. समोर ब्लॉक आहे, चेंडू त्यावर आदळून आपल्याच बाजूला सरळ खाली येऊ शकतो, म्हणून ही तयारी. दहापैकी बऱ्याच वेळा चेंडू पलीकडे जातो आणि त्यांचं वाकणं वाया जातं. तरी पुढच्या चेंडूला ते परत वाकतात. कुठल्याही संघाची पत मला बघायची असेल तर मी त्यांचं कव्हर बघते.

ब्लॉकचा हिशेब वेगळा आहे आणि नवीन बघणाऱ्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ब्लॉकला लागलेला चेंडू तीन स्पर्शांत धरत नाहीत. ब्लॉकरच्या बोटांना लागून चेंडू त्याच्याच बाजूला आला, तर संघाला अजून पूर्ण तीन स्पर्श मिळतात, आणि पहिला स्पर्श खुद्द त्या ब्लॉकरने केला तरी चालतो. लागोपाठ दोनदा नाही, या नियमाला असलेला हा अपवाद. म्हणून टीव्हीवर कधी कधी चार वेळा हात लागलेला दिसतो आणि पंच स्वस्थ बसलेले असतात. ब्लॉक करताना हात जाळीवरून पलीकडे नेता येतात, मात्र समोरच्याचा हल्ला होण्याआधी चेंडूला अडवायचं नाही. आणि सर्व्हिस ब्लॉक करता येत नाही.

आता फिरण्याविषयी. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याच्याशिवाय व्हॉलीबॉल म्हणजे जाळीवरून चेंडू इकडेतिकडे उडवणं.

सहा जागांना क्रमांक आहेत. मागच्या रांगेत उजवीकडे एक, ही सर्व्हिस करणाऱ्याची जागा. त्याच्या पुढे जाळीजवळ उजवीकडे दोन, जाळीच्या मध्यावर तीन, डावीकडे चार. मग मागे डावीकडे पाच आणि मागे मध्ये सहा. आकडे घड्याळाच्या उलट दिशेने वाढतात, खेळाडू मात्र घड्याळाच्या दिशेने सरकतात: दोनवरचा एकवर येऊन सर्व्हिस करतो, एकवरचा सहावर, सहावरचा पाचवर, असं. समोरच्यांची सर्व्हिस असताना आपण रॅली जिंकली की गुणही मिळतो, सर्व्हिसही मिळते आणि सगळे एक जागा पुढे सरकतात. आपलीच सर्व्हिस असताना गुण मिळाला तर कुणी हलायचं नाही.

यातून होतं काय, तर संघातला सर्वात उंच खेळाडूही जाळीशी कायम राहू शकत नाही. तीन जागा पुढे, तीन जागा मागे. मागच्या रांगेत गेल्यावर त्याला जाळीजवळ ब्लॉक करता येत नाही. जाळीपासून तीन मीटरवर जी रेघ आखलेली असते तिच्या आत उभं राहून जाळीच्या वरचा चेंडू पलीकडे मारताही येत नाही. रेघेच्या मागून उडी घेतली तर मात्र चालतं, मग तो हवेतून पुढे येऊन मारो आणि रेघेच्या आत उतरो. पाय जमिनीवरून कुठे सुटले, एवढंच बघतात. मागून येणारा हा हल्ला समोरच्यांना उशिरा दिसतो, म्हणून आताच्या खेळात त्याला फार मान आहे.

ही फिरती पद्धत प्रत्येकाला सगळं करायला लावते, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. जागा ठरलेल्या असतात त्या सर्व्हिसच्या क्षणापुरत्या. सर्व्हिस करणाऱ्याचा हात चेंडूला लागेपर्यंत घेणाऱ्या संघाने क्रम पाळायचा: पुढच्या रांगेतला आपल्या मागच्याच्या मागे जाता कामा नये, डावीकडचा आपल्या उजव्या शेजाऱ्याला ओलांडून जाता कामा नये. ते बिघडलं तर पोझिशन फॉल्ट. खेळाडू त्याला ओव्हरलॅप म्हणतात. यात तुलना फक्त शेजाऱ्याशी असते. चारवरच्याचं पाचवरच्याशी आणि तीनवरच्याशी नातं, एकवरच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. सर्व्हिस झाली की बंधन सुटलं. मग सगळे आपापल्या कामाच्या जागेकडे धाव घेतात. मागच्या रांगेत, एकवर असलेला सेटर तीरासारखा जाळीकडे येतो, मधला ब्लॉकर मध्ये सरकतो, डावखोरा उजवीकडे जातो. रॅलीच्या सुरुवातीची ही पळापळ मला पूर्वी नुसता गोंधळ वाटायची. ओव्हरलॅप समजल्यावर तीच मला खेळातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटू लागली. नियमाने दिलेली जागा आणि आपल्या कामाची जागा यांच्यातलं अंतर किती कमी करता येईल, याचं गणित प्रशिक्षक सामन्याआधी कागदावर मांडून येतात.

सेटर मागच्या रांगेत असला की पुढे तिघे मारणारे मोकळे. तो स्वतः पुढच्या रांगेत आला की मारणारे दोनच उरतात, पण आता त्याला स्वतःलाही दुसऱ्याच स्पर्शावर चेंडू पलीकडे टाकता येतो. एकच सेटर आणि पाच मारणारे, या रचनेला पाच-एक म्हणतात आणि मोठ्या पातळीवर बहुतेक संघ तीच वापरतात. सहापैकी तीन फेऱ्या सेटर पुढे, तीन फेऱ्या मागे. कुठल्या फेरीत संघ अडकतो, गुणांमागून गुण जातात, हे टिपायला लागलात की पडद्यावरचा गुणफलक वेगळाच दिसायला लागतो.

सर्व्हिस कुणी घ्यायची, यातही डोकं लागतं. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाने समोरून येणाऱ्या जवळजवळ सगळ्या सर्व्हिस घेण्याचं काम दोनच खेळाडूंवर सोपवलं होतं. त्यातला एक कार्च किराय. बाकीचे मैदानात असूनही वाट मोकळी करून बाजूला होत. त्या संघाने सुवर्णपदक मिळवलं आणि घेणाऱ्यांचं काम हे स्वतंत्र कौशल्य आहे, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

पुढे १९९८ मध्ये लिबरो आला. वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला, बहुधा संघातला सर्वात बुटका. तो फक्त मागच्या रांगेत खेळतो. त्याने ब्लॉक करायचा नाही, आंतरराष्ट्रीय सामन्यांत सर्व्हिस करायची नाही, जाळीच्या वरचा चेंडू मारायचा नाही. तीन मीटरच्या रेघेच्या आत उभं राहून त्याने बोटांनी चेंडू चढवून दिला तर दुसऱ्यालाही तो जाळीच्या वरून मारता येत नाही. म्हणून लिबरो त्या रेघेमागून उडी घेऊन चेंडू चढवताना दिसतो. इतकी सगळी मनाई ऐकून एखाद्याला वाटेल, मग हा करतो काय? तो चेंडू पडू देत नाही. खेळाच्या मूळ दोन गोष्टींपैकी पहिली, तीच त्याची पूर्णवेळ नोकरी. साध्या बदली खेळाडूंना एका सेटमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका डावात, सहाचीच मर्यादा आहे, लिबरोच्या येण्याजाण्याला नाही. दोन अदलाबदलींमध्ये एक रॅली झाली की पुरे. उंच मधले खेळाडू मागच्या रांगेत आले की बाहेर जातात, लिबरो आत येतो. माझ्या मनात या जागेबद्दल विशेष जिव्हाळा आहे, कारण उंचीच्या या खेळात बुटक्या माणसासाठी नियम करून जागा ठेवलेली आहे.

पडत्या चेंडूला वाचवण्याच्या कलेने एकदा जगाला थक्क केलं ते १९६४ मध्ये. व्हॉलीबॉल त्या वर्षी टोकियोत पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. जपानच्या महिला संघातल्या बहुतेक खेळाडू एकाच कापड गिरणीच्या संघातल्या होत्या. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. त्यांनी शिकवलेली चाल अशी की चेंडूकडे झेपावून, तो उचलून, खांद्यावरून लोळत त्याच हालचालीत पुन्हा उभं राहायचं. पडून राहणं हीच मोठी अडचण असते, कारण पुढच्या स्पर्शाला आपण नसतो. त्यांनी पडणं आणि उठणं एकच करून टाकलं. सोव्हिएत संघाला हरवून त्या सुवर्णपदक जिंकल्या. दाइमात्सु यांच्या सरावाचा कडकपणा मला पटत नाही, तो माणसांना पिळून काढणारा होता. पण ती चाल मात्र निखळ सुंदर आहे.

आताच्या खेळात अगदी शेवटच्या क्षणी हात जमिनीवर सपाट सरकवतात आणि चेंडू हाताच्या पाठीवर आदळून वर उडतो. चेंडू आणि जमीन यांच्यामध्ये फक्त तळव्याची जाडी. जवळून बघितलं तर हात सरकल्याचा आवाज आणि चेंडूचा आवाज एकमेकांना चिकटून येतात. पायाने वाचवला तरी चालतं. शरीराच्या कुठल्याही भागाला लागलेला चेंडू कायदेशीरच.

सर्व्हिस ही एकच वेळ अशी की चेंडू खरोखर आपल्या हातात असतो. शिट्टीनंतर आठ सेकंद मिळतात. मागच्या रेघेवर पाय न ठेवता मारायचा; उडी मारून केली तर आत उतरता येतं. उडी मारून फिरवलेली सर्व्हिस वेगाने खाली वळते. फ्लोट मात्र मुद्दाम न फिरवता मारतात: तळव्याच्या टणक भागाने चेंडूच्या मधोमध छोटासा ठोसा, आणि हात तिथेच थांबवायचा. फिरकी नसल्याने हवेचा प्रवाह चेंडूच्या दोन बाजूंनी सारखा सुटत नाही, तो वाटेत डगमगतो, घेणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की हा खांद्याकडे येतोय की पोटाकडे. पूर्वी सर्व्हिस जाळीला घासली की वाया जायची. आता घासून पलीकडे गेली तर खेळ चालू, आणि हा बदल चांगला झाला. रॅली सुरू होण्याआधीच तुटण्याचं एक कारण कमी झालं.

गुणांचं थोडक्यात सांगते. पूर्वी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळे आणि सेट १५ गुणांचा असे. सर्व्हिस नुसती इकडून तिकडे जात राहायची आणि सामना कधी संपेल याचा नेम नसायचा. लिबरो आला त्याच सुमारास प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत आली. चार सेट २५ गुणांचे, पाचवा लागलाच तर १५ चा, आणि प्रत्येकात दोन गुणांची आघाडी हवीच. जुने लोक अजून हळहळतात. मला नवी पद्धत पटते, कारण आता एकही चेंडू फुकटचा नाही.

जाळीचे आणि रेघांचे नियम लवकर पाठ होतात. रेघेवर पडलेला चेंडू आत. चेंडू खेळताना दोन अँटेनांच्या मधल्या जाळीला हात लागला तर फाउल. या लाल-पांढऱ्या काठ्या जाळीच्या वर ८० सेंटीमीटर असतात आणि हल्ल्याचा चेंडू त्यांच्यामधूनच पलीकडे जायला हवा. मधल्या रेघेवर पाय थोडा गेला तर चालतं, पूर्ण पलीकडे गेला तर नाही.

आता कुणी मला विचारलं की हा खेळ बघायला कसं शिकायचं, तर मी म्हणते, एक सेट चेंडू सोडून द्या. डावीकडून मारणारा एक खेळाडू निवडा. लिबरोबरोबर आतबाहेर करणारा मधला नको. फक्त त्याच्याकडे बघा. सर्व्हिस होण्याआधी तो कुणाच्या शेजारी उभा आहे, सर्व्हिस होताच कुठे पळतो, चेंडू दुसऱ्याकडे गेला असताना कव्हरला वाकतो का, मागच्या रांगेत आल्यावर पहिला पाय कधी हलवतो. चारवरून तीनवर, दोनवर, मग सर्व्हिसला, मग सहा, पाच आणि परत चार. तो पुन्हा पहिल्या जागी येईतो सेट साधारण अर्ध्यावर आलेला असतो.